स्नायूंवरचे पट्टे : दिसले, विसरले, पुन्हा सापडले



लहानपणी आपण सगळ्यांनी हे केलेलं असतं. हात कोपरात दुमडायचा, मूठ आवळायची आणि समोरच्याला म्हणायचं, "बघ माझी बेडकुळी!" दंडावर जो गोळा वर येतो त्याला मराठीनं बेडकाचं नाव दिलं. लॅटिन भाषेत त्याच गोळ्यात लोकांना उंदीर दिसला. 'मस्क्युलस' म्हणजे छोटा उंदीर, आणि त्यावरून आजचा 'मसल' हा शब्द आला. कातडीखाली एखादा प्राणी हलतोय असं दोन्हीकडच्या लोकांना वाटलं, ही गंमतच आहे.

आजच्या भागात आपण या बेडकुळीच्या आत जाणार आहोत. स्नायूंचे प्रकार किती, ते सूक्ष्मदर्शकाखाली कसे दिसतात, हे तर बघूच. पण मला मुख्यतः सांगायची आहे ती एका विसरण्याची गोष्ट. स्नायू आकसताना त्याच्या आत नेमकं काय होतं, याचा सर्वांत महत्त्वाचा धागा १८६० च्या दशकात माणसाच्या हाती लागला होता. मग तो हातातून सुटला. पुन्हा सापडायला १९५४ साल उजाडावं लागलं. मधली जवळजवळ ८५ वर्षं काय झालं? विज्ञान विसरतं का? विसरतं तर कसं?

आधी शब्दांचा एक गुंता सोडवून घेऊ, कारण आपले बरेच श्रोते इंदूर, भोपाळ, दिल्लीकडे हिंदी शाळांत शिकलेले आहेत. हिंदीत मांसपेशी म्हणजे मसल आणि कोशिका म्हणजे सेल. मराठीत मात्र स्नायू म्हणजे मसल आणि पेशी म्हणजे सेल. जुन्या आयुर्वेदात तर तिसरंच. सुश्रुतसंहितेत शरीरात पेशी ५०० आणि स्नायू ९०० सांगितले आहेत. तिथे पेशी म्हणजे मांसाचे गट्ठे आणि स्नायू म्हणजे सांधे बांधून ठेवणारे चिवट बंध. मी इथे आजच्या मराठी पाठ्यपुस्तकांचे अर्थ धरतोय. स्नायू म्हणजे मसल, पेशी म्हणजे सेल.

आता मूळ प्रश्न. हात दुमडला की स्नायू फुगल्यासारखा दिसतो. तो खरंच फुगतो का?

दुसऱ्या शतकातल्या गेलेन या वैद्यानं सांगितलं होतं की मेंदूतून एक सूक्ष्म प्राणतत्त्व नसांमधून स्नायूत उतरतं. सतराव्या शतकात देकार्तनंही जवळपास हेच धरलं. नसा म्हणजे नळ्या, त्यातून काहीतरी वाहत येतं, स्नायू फुग्यासारखा फुगतो आणि आखूड होतो. ऐकायला पटण्यासारखं आहे.

पण नेदरलंड्समधल्या यान स्वामरडाम यांनी १६६० च्या दशकात हे तपासून पाहिलं. बेडकाच्या मांडीचा स्नायू त्यांनी एका काचेच्या नळीत बंद केला. नळीचं तोंड निमुळतं, आणि त्या तोंडात पाण्याचा एक थेंब. स्नायू फुगला तर आतली हवा दाबली जाईल आणि थेंब वर सरकेल. त्यांनी नस ओढली, स्नायू आकसला, थेंब काही वर गेला नाही. म्हणजे स्नायू जाड होतो तेवढाच आखूडही होतो, एकूण आकारमान वाढत नाही. त्याच सुमारास, १६६७ मध्ये, निकोलस स्टेनो यांनी भूमितीच्या आधारे दाखवलं की स्नायूचे तंतू आखूड झाले की तो जाड दिसणारच, त्यासाठी बाहेरून काही आत यायची गरज नाही.

फुग्याची कल्पना तिथे मोडली. स्वामरडाम यांचं हे काम मात्र ते गेल्यावर, १७३० च्या दशकात छापलं गेलं. उशिराची ही सवय लक्षात ठेवा.

मग स्नायू आखूड होतो तो कसा? यासाठी आत बघणं भाग होतं. डेल्फ्ट गावचे कापडाचे व्यापारी आंतोनी वान लेवेनहुक स्वतःच्या हातानं भिंगं घासायचे. त्यांच्या आज शाबूत असलेल्या भिंगांपैकी सर्वांत ताकदवान भिंग वस्तू साधारण २६६ पट मोठी करून दाखवतं. १६८२ मध्ये त्यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्रातून कळवलं की मांसाच्या धाग्यांवर आडव्या, बारीक, एकसारख्या रेघा दिसतात. पुढे त्यांना वाटलं की धाग्याभोवती तार गुंडाळलेली असावी, स्प्रिंगसारखी. रेघा खऱ्या होत्या, तारेचा अंदाज चुकला. जे दिसलं ते एक आणि त्याचा लावलेला अर्थ दुसरा, हा फरकही लक्षात असू द्या.

पुढची जवळजवळ दीडशे वर्षं फारशी प्रगती झाली नाही, कारण भिंगं साथ देत नव्हती. वस्तूभोवती रंगीत कडा दिसायच्या, आकृती पुसट व्हायची. १८३० मध्ये जोसेफ जॅक्सन लिस्टर यांनी हा दोष घालवणारी भिंगांची रचना मांडली. हे लिस्टर म्हणजे जंतुनाशक शस्त्रक्रियेच्या जोसेफ लिस्टर यांचे वडील. चांगला सूक्ष्मदर्शक हाती आला आणि दहा वर्षांत, १८४० मध्ये, विल्यम बोमन या विशीतल्या इंग्रज डॉक्टरानं स्नायूंवरचा आपला मोठा निबंध सादर केला. मूत्रपिंडातली 'बोमन्स कॅप्सूल' आठवते ना? तेच हे बोमन. त्यांनी दाखवलं की स्नायूचा तंतू उभा चिरला तर बारीक धागे निघतात आणि आडवा फुटला तर चकत्या निघतात. म्हणजे रेघा वरून गुंडाळलेल्या नाहीत, त्या तंतूच्या आरपार आहेत. नाण्यांची चळत रचावी तसं. तंतूवरच्या पातळ आवरणाला त्यांनी सार्कोलेमा हे नाव दिलं, ते आजही चालतं.

त्याच काळात सगळे सजीव पेशींचे बनलेले आहेत हा सिद्धांत पुढे आला होता. मग शरीरातले सगळेच स्नायू असे पट्टेरी असतात का? नाही. जठर, आतडी, रक्तवाहिन्या यांच्या भिंतींतले स्नायू बिनपट्ट्यांचे दिसायचे. १८४० च्या दशकाच्या अखेरीस अल्बर्ट क्योलिकर यांनी हे स्नायू सुटे करून दाखवले. प्रत्येक घटक चातीसारखा, मध्ये फुगीर आणि दोन्ही टोकांना निमुळता, आत एक केंद्रक. म्हणजे ही एकेक स्वतंत्र पेशीच.

आता आपण शाळेत शिकतो ते तीन प्रकार मांडता येतात. पहिला, पट्टकी स्नायू. हाडांना जोडलेले, आपल्या इच्छेनं चालणारे. यांचा तंतू लांबच लांब, काही ठिकाणी कित्येक सेंटिमीटर, आणि एकाच तंतूत शेकडो केंद्रकं, तीही कडेला सरकलेली. दुसरा, अपट्टकी स्नायू, क्योलिकर यांचे चातीसारखे. सावकाश आकसतात, पण न थकता तासन् तास ताण धरून ठेवतात. तिसरा, हृदयाचा स्नायू. पट्टे आहेत, पण इच्छेचा ताबा नाही. याच्या पेशींना फाटे फुटलेले असतात आणि त्या एकमेकींना टोकाशी जोडलेल्या असतात.

हृदयाची हकिकत थोडक्यात सांगतो. कार्ल एबर्थ यांनी १८६६ मध्येच हृदयाच्या तंतूंवरच्या काही ठळक आडव्या रेषा दाखवून म्हटलं होतं की या पेशींच्या सीमा आहेत. पुढे बऱ्याच शरीरशास्त्रज्ञांनी ते मानलं नाही. हृदय म्हणजे एकच अखंड मांसाचं जाळं आहे, वेगळ्या पेशी नाहीतच, असं कित्येक वर्षं शिकवलं गेलं. शेवटी १९५० च्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकानं त्या सीमा स्पष्ट दाखवल्या. एबर्थ बरोबर होते. पण तोवर आठ-नऊ दशकं उलटली होती.

पट्टकी स्नायूंचं तर याहून मोठं नुकसान झालं. व्हिएन्नात अर्न्स्ट ब्र्यूके यांनी १८५८ च्या सुमारास ध्रुवित प्रकाशात स्नायू पाहिला. काही पट्टे उजळ चमकले, काही काळे राहिले. चमकणाऱ्या पट्ट्यात काहीतरी एकाच दिशेनं शिस्तीत लावलेलं आहे, असा त्याचा अर्थ. आजच्या पुस्तकातला 'ए' पट्टा तो हाच, आणि न चमकणारा तो 'आय' पट्टा. आय पट्ट्याच्या मधोमध एक बारीक रेघ असते, ती 'झेड' रेघ. दोन झेड रेघांमधला तुकडा म्हणजे सार्कोमिअर. हा स्नायूचा सर्वांत लहान काम करणारा घटक. लांबी साधारण २ ते २.५ मायक्रोमीटर, म्हणजे एका मिलिमीटरमध्ये असे ४०० ते ५०० तुकडे एकापुढे एक बसतात.

मग जर्मनीत कामाची झड लागली. व्हिल्हेल्म क्यूने यांना १८६३ मध्ये एक विलक्षण दृश्य दिसलं. बेडकाच्या जिवंत स्नायूतंतूत एक सूक्ष्म कृमी पोहत होता! तो पुढे जाई तसे पट्टे बाजूला सरत आणि तो गेल्यावर जागेवर येत. म्हणजे तंतूच्या आत घट्ट जाळी नाही, आत प्रवाही काहीतरी आहे आणि त्यात शिस्तीत उभे असलेले घटक आहेत. याच क्यूने यांनी स्नायूतून एक प्रथिन काढून त्याला मायोसिन हे नाव दिलं.

आणि १८६९ मध्ये व्हिल्हेल्म क्राउझ यांनी आपल्या गोष्टीतला कळीचा मुद्दा नोंदवला. स्नायू आकसतो तेव्हा आय पट्टा अरुंद होतो. ए पट्ट्याची रुंदी मात्र बदलत नाही. क्राउझ यांचं म्हणणं होतं की ए पट्ट्यात न आकसणाऱ्या काड्या असाव्यात.

इथे थोडं थांबा आणि विचार करा. स्नायू आखूड झाला, पण त्यातला मुख्य पट्टा आखूड झाला नाही. मग काहीही न आकसता एकूण लांबी कमी कशी होईल? दुर्बिणीच्या नळ्या आठवा. एक नळी दुसरीत सरकली तर दुर्बीण आखूड होते, पण कुठल्याच नळीची लांबी बदलत नाही. उत्तर एका पावलावर होतं. ते पाऊल पडलं नाही.

का पडलं नाही? मला तीन कारणं दिसतात.

पहिलं कारण प्रकाशाचं. पट्टे इतके बारीक होते की ते प्रकाश-सूक्ष्मदर्शकाच्या कुवतीच्या काठावर होते. फोकस जरासा हलवला की काळ्याचं पांढरं व्हायचं. त्यामुळे दोन माणसं एकच तंतू पाहून दोन चित्रं काढायची. १८९१ मध्ये जॉन हेक्राफ्ट यांनी तर स्नायूचा ठसा कलोडियन या चिकट द्रावाच्या थरावर उठवला आणि त्या ठशातही पट्टे दिसले! त्यावरून त्यांनी मांडलं की आत वेगळं काही नाहीच, धागा मण्यांच्या माळेसारखा उंचसखल आहे म्हणून पट्टे भासतात. भांडणं इतकी वाढली की पट्ट्यांवरचा विश्वासच उडाला.

दुसरं कारण तर्काचं, आणि ते मला सर्वांत शिकवणारं वाटतं. लोक म्हणाले, अपट्टकी स्नायूला पट्टे नाहीत, तरी तो आकसतोच ना? मग आकसण्यासाठी पट्ट्यांची गरजच काय? पट्टे ही शोभेची गोष्ट असेल, मूळ क्रिया त्याहून खोल असेल. हा तर्क वरवर बिनतोड वाटतो. यात त्रुटी कुठे आहे ते शेवटी बघू.

तिसरं कारण काळाचं. विसाव्या शतकात रसायनशास्त्र पुढे आलं. स्नायूत लॅक्टिक आम्ल किती, उष्णता किती, ऊर्जा कुठून येते, या प्रश्नांना आकड्यांत उत्तरं मिळू लागली. हुशार तरुण तिकडे गेले. शिवाय विल्यम ॲस्टबरी यांनी क्ष-किरणांनी लोकरीतल्या प्रथिनांच्या साखळ्या घडी घालतात, उलगडतात असं दाखवलं, आणि स्नायूतही हेच होत असणार असं मानलं गेलं. साखळीच घडी घालून आखूड होत असेल तर पट्ट्यांची रुंदी मोजायची कशाला? क्राउझ यांची नोंद कुणी खोटी ठरवली नाही. ती फक्त जुन्या जर्मन ग्रंथांच्या पानांत पडून राहिली.

रसायनाची वाट वाया गेली असं मात्र मी म्हणणार नाही. १९३९ मध्ये मॉस्कोत एंगेलहार्ट आणि ल्युबिमोवा या दांपत्यानं दाखवलं की मायोसिन हेच प्रथिन एटीपी या ऊर्जेच्या रेणूला फोडतं. दुसरं महायुद्ध पेटलेलं असताना हंगेरीतल्या सेगेद शहरात आल्बर्ट सेंट-ज्यॉर्जी, इलोना बांगा आणि ब्रूनो स्ट्राउब काम करत होते. स्ट्राउब यांनी दुसरं प्रथिन वेगळं केलं, ॲक्टिन. मायोसिन आणि ॲक्टिन एकत्र करून धागा ओढला आणि त्यावर एटीपी टाकलं, तर तो निर्जीव धागा आपोआप आकसला. जिवाशिवाय हालचाल! पण ही दोन प्रथिनं तंतूत कुठे बसतात? यासाठी पुन्हा पट्ट्यांकडेच वळावं लागलं.

आता १९५० च्या दशकात या. दोन हक्सली आहेत, नात्यानं एकमेकांचे कुणी नाहीत. अँड्र्यू हक्सली हे डार्विनच्या बाजूनं लढणाऱ्या टी. एच. हक्सली यांचे नातू. नसांमधल्या विद्युतसंदेशावरचं काम करून, ज्यासाठी पुढे १९६३ मध्ये त्यांना नोबेल मिळालं, ते स्नायूकडे वळले. साधा सूक्ष्मदर्शक पट्ट्यांबाबत फसवतो हे ओळखून त्यांनी स्वतः एक नवा व्यतिकरण-सूक्ष्मदर्शक तयार केला आणि रॉल्फ नीडरगेर्के यांच्याबरोबर बेडकाचा एकेक जिवंत तंतू पाहिला. दुसरे ह्यू हक्सली. ते जीन हॅन्सन या संशोधिकेबरोबर अमेरिकेत एमआयटीत सशाच्या स्नायूचे सुटे धागे पाहत होते. धाग्यातून मायोसिन विरघळवून काढलं की ए पट्ट्याची गडद छटाच नाहीशी व्हायची. म्हणजे मायोसिन ए पट्ट्यात आहे, जाड काड्यांच्या रूपात. ॲक्टिनच्या बारीक काड्या झेड रेघेपासून निघून त्यांच्यात शिरतात.

२२ मे १९५४ च्या 'नेचर' साप्ताहिकात दोघांचे निबंध एकापाठोपाठ छापून आले. निष्कर्ष एकच. स्नायू आकसतो तेव्हा कुठलीच काडी आखूड होत नाही, बारीक काड्या जाड काड्यांमध्ये सरकतात. ए पट्टा कायम, आय पट्टा अरुंद. क्राउझ यांनी लिहिलं होतं तेच!

अँड्र्यू हक्सली यांचा मोठेपणा असा की शोध लागल्यावर ते जुन्या जर्मन निबंधांकडे गेले. त्यांनी एकोणिसाव्या शतकातल्या नोंदी वाचल्या आणि आपल्या लेखनात सविस्तर मांडलं की हे आधी माहीत होतं आणि आपण ते गमावलं. श्रेय वाटून घेण्यापेक्षा हरवलेल्याचा हिशेब देणं जास्त अवघड असतं.

आणि ही एकटीदुकटी घटना नव्हती. इटलीत पाव्हियाला एमिलिओ व्हेराटी यांनी १९०२ मध्ये गोल्जींच्या काळ्या रंगपद्धतीनं स्नायूतंतूच्या आत एक नाजूक जाळं दाखवलं होतं. तेही विस्मरणात गेलं. १९५० च्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात तेच जाळं दिसलं आणि पुढे कळलं की आकसण्याचा हुकूम देणारं कॅल्शियम इथेच साठवलेलं असतं. १९६१ मध्ये व्हेराटी यांचा निबंध इंग्रजीत आणला गेला, मूळ छपाईनंतर ५९ वर्षांनी.

आता त्या बिनतोड तर्काकडे येऊ. अपट्टकी स्नायूला पट्टे नाहीत, तरी तो आकसतो, म्हणून पट्टे निरुपयोगी. चूक कुठे झाली? अपट्टकी स्नायूतही ॲक्टिन आणि मायोसिनच्या काड्या आहेत, त्याही एकमेकींवरून सरकतातच. फक्त त्या रांगेत लावलेल्या नाहीत, तिरप्या-आडव्या पसरलेल्या आहेत. संचलनातले जवान दुरून पट्ट्यांसारखे दिसतात आणि जत्रेतली माणसं दिसत नाहीत, पण चालतात दोघंही पायांनीच. पट्टा म्हणजे यंत्र नव्हे, यंत्रांची रांग. रांग दिसली नाही म्हणून यंत्रच नाही असं लोकांनी धरलं.

या गोष्टीचा एक धागा भारतातही येतो, बडोद्याला. पट्टकी स्नायूंतही सगळे तंतू सारखे नसतात. काही लाल, काही पांढुरके. फ्रान्सच्या लुई रानव्हिए यांनी १८७० च्या दशकात दाखवलं होतं की लाल स्नायू सावकाश आकसतात, पांढरे झटकन. तुमच्या ताटातही हे दिसतं. कोंबडीची छाती पांढरी, तंगडी गडद. कोंबडी दिवसभर चालते, उडते क्वचित. कबुतराची छाती मात्र गडद लाल, कारण ते लांब पल्ल्याचं उडणारं. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात प्राणिशास्त्रज्ञ जे. सी. जॉर्ज आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी १९५० च्या दशकात याच कबुतराच्या छातीचा स्नायू घेतला. त्यात दोन प्रकारचे तंतू शेजारी-शेजारी असतात. अरुंद, लाल, मायटोकाँड्रियांनी आणि चरबीनं भरलेले. आणि रुंद, पांढरे, ग्लायकोजेन साठवणारे. जॉर्ज आणि नाईक यांचा मायटोकाँड्रियांवरचा निबंध १९५८ मध्ये 'नेचर'मध्ये आला. टिकून उडण्याचं इंधन प्रामुख्यानं चरबी आहे, हे या कामातून ठसलं. जॉर्ज आणि अँड्र्यू बर्जर यांचं पक्ष्यांच्या स्नायूंवरचं 'एव्हियन मायॉलॉजी' हे पुस्तक १९६६ मध्ये निघालं. आपल्या खिडकीत घुटमळणाऱ्या कबुतरानं हे शिकवलं. आणि बडोद्यात राहणाऱ्या किती जणांना आज हे ठाऊक आहे? विसरायला आपल्याला ८५ वर्षंही लागत नाहीत.

मंडळी, विज्ञानाचा इतिहास आपण जिन्यासारखा शिकतो. एक पायरी, मग वरची पायरी. स्नायूची गोष्ट सांगते की मधल्या पायऱ्या गळूनही पडतात. क्राउझ, एबर्थ, व्हेराटी यांना कुणी हरवलं नाही. काळाची आवड बदलली आणि त्यांना विचारणारं कुणी उरलं नाही. एखादी नोंद चुकीची आहे म्हणून बाजूला ठेवणं वेगळं आणि सध्याच्या सिद्धांतात बसत नाही म्हणून बाजूला ठेवणं वेगळं. तुमच्यापैकी जे संशोधनात आहेत, जे प्रयोगशाळेत विद्यार्थ्यांना स्लाइड दाखवतात, त्यांना माझी एवढीच विनंती. मूल पुस्तकात नसलेलं काही पाहून 'सर, इथे हे काय दिसतंय?' असं विचारेल, तेव्हा त्याला तारीख घालून ते वहीत उतरवून ठेवायला सांगा. उत्तर आज नसेल. नोंद तरी राहील.

प्रश्न असतील तर जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात.